डाव्या पायाचा इतिहास : गिअर कोणी बदलायचा?

१/
नवी मोटार घ्यायचे ठरले की हल्ली घराघरांत एक वाद हमखास रंगतो. गिअर हाताने बदलायचा, की ते काम गाडीवरच सोपवायचे? वडीलधारी मंडळी ॲव्हरेजचा आणि दुरुस्तीच्या खर्चाचा दाखला देतात. तरुण मंडळी वाहतूक कोंडीकडे बोट दाखवतात. आणि एखादे काका ठामपणे सांगतात की, ऑटोमॅटिक चालवणाऱ्याला गाडी येते असे म्हणत नाहीत. हा वाद आजचा नाही. त्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाकडे नीट पाहिले तर जाणवते की हा प्रश्न मुळात हिशेबाचा आहे, आणि चालकाच्या डाव्या पायाचे श्रम त्या हिशेबात धरले जातात की नाही यावर त्याचे उत्तर ठरत आले आहे. हा धागा त्याच हिशेबाचा.

२/
प्रथम गिअर हवाच कशाला, ते पाहू. वाफेचे इंजिन किंवा विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण जोर लावू शकते. पेट्रोल इंजिनाचे तसे नाही. ते मंद फिरत असताना त्याच्यात दम नसतो आणि अगदीच मंदावले तर ते बंद पडते. म्हणून इंजिन आणि चाके यांच्यामध्ये दातेरी चाकांची जोडणी लागते. चढावर वेग सोडून जोर घ्यायचा, सपाटीवर जोर सोडून वेग घ्यायचा. हा सौदा प्रत्येक वळणावर, प्रत्येक चढावर नव्याने करावा लागतो. तो करणार कोण, एवढाच खरा प्रश्न.

३/
या प्रश्नाची पहिली ठळक नोंद एका स्त्रीच्या प्रवासात सापडते. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन, पती कार्ल बेंझ यांना न सांगता, त्यांच्याच तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. सपाटीवर गाडी नीट धावली, पण चढावर दम सोडू लागली आणि मुलांना उतरून ती ढकलावी लागली. परतल्यावर चढासाठी आणखी एका गिअरची गरज त्यांनी पतीला पटवून दिली, असे सांगितले जाते. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि गिअरची पहिली तक्रार एकाच वेळी जन्मली.

४/
आजच्या मॅन्युअल गिअरबॉक्सचा पूर्वज फ्रान्सचा. पानहार आणि लेव्हासोर या कंपनीच्या एमिल लेव्हासोर यांनी १८९० च्या दशकात अशी रचना रूढ केली की दांडा सरकवला की दातेरी चाके एकमेकांत शिरत. चाकांचे वेग जुळले नाहीत तर दात कराकरा वाजत, कधी मोडतही. "रांगडे आहे, पण चालते," असे उद्गार या रचनेबद्दल लेव्हासोर यांच्या नावावर सांगितले जातात. पुढील तीस-पस्तीस वर्षे जगभरचे चालक तो रांगडेपणा आपल्या हातापायांनी सोसत राहिले.

५/
त्या काळात 'गाडी येणे' म्हणजे काय होते? पुढे वाकून हँडल मारून इंजिन सुरू करणे, ठिणगीची वेळ हाताने पुढेमागे करणे, आणि खालचा गिअर टाकताना क्लच दोनदा दाबून मधल्या क्षणी इंजिनाचा वेग नेमका वाढवणे. यंत्राचे ज्ञान असल्याशिवाय हे जमत नसे, म्हणून श्रीमंत लोक त्यासाठी माणूस ठेवत. त्याला म्हणत 'शोफर'. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ आहे भट्टीत कोळसा घालणारा. 'खऱ्या' चालकाची ती कसोटी आज लावली, तर वरच्या वादातले काकाही नापास होतील!

६/
पहिला मोठा बदल हेन्री फोर्ड यांच्या मॉडेल टी या मोटारीने घडवला. १९०८ ते १९२७ या काळात अशा सुमारे दीड कोटी मोटारी बनल्या. तिचे तीन पेडल आजच्या चालकाला बुचकळ्यात टाकतील. डावे पेडल पूर्ण दाबले की खालचा गिअर, सोडले की वरचा, मधले पेडल मागे जाण्यासाठी, उजवे ब्रेकचे. पेट्रोल सोडायचे ते स्टिअरिंगजवळच्या दांडीने. दाते एकमेकांत घुसवावेच लागत नसल्यामुळे कराकर नव्हती. शेतकऱ्यापासून शिक्षिकेपर्यंत अनेकांना ही गाडी शोफरविना चालवता आली. यंत्राने थोडे काम उचलले आणि चालकांचे वर्तुळ रुंदावले.

७/
दुसरा बदल १९१२ चा. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर त्या वर्षीच्या कॅडिलॅक मोटारींत आला. तोवर हँडल उलटे फिरून मनगट मोडणे ही नेहमीची दुर्घटना होती. त्या भीतीपोटी शहरांतल्या अनेक स्त्रिया बॅटरीवर चालणाऱ्या, हँडल आणि गिअर यांची कटकट नसलेल्या मोटारी पसंत करत. स्टार्टर आल्यावर पेट्रोल मोटारीने बॅटरीच्या मोटारीला मागे टाकले. मात्र गिअरची कटकट शिल्लकच राहिली. बॅटरीची मोटार या धाग्याच्या शेवटी पुन्हा भेटेल.

८/
तिसरा बदल अमेरिकन अभियंता अर्ल थॉम्प्सन यांचा. गिअर जुळण्याआधी दोन्ही चाकांचे वेग घर्षणाने आपोआप सारखे करणारी त्यांची 'सिंक्रोमेश' रचना १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये बसली. कराकर थांबली आणि दोनदा क्लच दाबण्याची विद्या हळूहळू लोप पावली. आज ज्याला आपण अभिमानाने 'मॅन्युअल' म्हणतो, त्याचे निम्मे कसब असे यंत्राने कधीच उचलले आहे. पुढे याच थॉम्प्सन यांच्या हाताखाली जनरल मोटर्सच्या अभियंत्यांनी क्लचचे पेडलच काढून टाकले.

९/
त्यासाठी लागणारी कल्पना जहाजांकडून आली. वेगाने फिरणाऱ्या टर्बाइनचा जोर संथ फिरणाऱ्या पंख्याला कसा द्यायचा, हा जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांच्यापुढचा प्रश्न होता. १९०५ मध्ये त्यांनी त्यावर द्रवाचा उपाय शोधला. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एक सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. हवेच्या जागी तेल आणि दोन्ही पंखे एकाच बंद डब्यात, अशी कल्पना केली की फ्योटिंगर यांचे तत्त्व कळते. दोन भाग एकमेकांना चिकटलेले नसतात, म्हणून गाडी थांबली तरी इंजिन बंद पडत नाही. डाव्या पायाला पर्याय मिळाला तो असा.

१०/
१९३९ मध्ये ओल्ड्समोबिल कंपनीने १९४० च्या मॉडेलसाठी 'हायड्रामॅटिक' जाहीर केला. चार पुढचे गिअर, द्रवाची जोडणी आणि क्लचचे पेडल नाहीच. मोठ्या संख्येने बनलेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. सुरुवातीची जादा किंमत ५७ डॉलर. त्या काळी पेट्रोल स्वस्त, इंजिने मोठी, रस्ते लांब आणि गाडी चालवणारा बहुधा स्वतःच मालक. अशा देशात आपल्या पायाच्या सुखासाठी ५७ डॉलर मोजायला लोक तयार झाले. थोडे पेट्रोल जास्त जळते, ही बाब त्यांच्या हिशेबात गौण ठरली.

११/
पाठोपाठ महायुद्ध आले. अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्यात कॅडिलॅकची दोन इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बसवले गेले. घाईने तयार केलेल्या नवख्या चालकाला गिअर शिकवण्यात वेळ घालवणे युद्धाला परवडणारे नव्हते. युद्धानंतर १९४६ मध्ये अमेरिकेने कायदा करून, पाय गमावलेल्या किंवा पायांचा उपयोग गमावलेल्या सैनिकांना मोटारीसाठी १,६०० डॉलरपर्यंत मदत देऊ केली. ज्यांना डावा पायच उरला नव्हता, त्यांना क्लच नसलेली गाडी म्हणजे पुन्हा स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडणे होते. ऑटोमॅटिकला 'आळशांची गाडी' म्हणणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावे.

१२/
ही सवय किती पक्की झाली, याचा पुरावा एका आगीतून मिळतो. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथला हायड्रामॅटिकचा कारखाना जळून खाक झाला. क्लच असलेल्या गाड्या ग्राहकांच्या गळ्यात मारणे हा एक मार्ग होता. पण कॅडिलॅकने तात्पुरता ब्यूइकचा 'डायनाफ्लो' हा दुसराच ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणून आपल्या मोटारींत बसवला. अवघ्या चौदा वर्षांत त्या ग्राहकवर्गाला मागे वळणे नको झाले होते.

१३/
मग युरोप मॅन्युअललाच का चिकटून राहिला? तेथील लोक अधिक कुशल होते म्हणून? कारण करांत आहे. ब्रिटनमध्ये १९२१ ते १९४७ या काळात मोटारीवर अश्वशक्तीनुसार कर होता. इतर देशांतही इंजिनाच्या आकाराशी कर जोडलेला असे. पेट्रोल महाग होते. त्यामुळे इंजिने लहान ठेवली गेली. द्रवाच्या जोडणीत काही जोर तेल तापवण्यात वाया जातो. मोठ्या अमेरिकन इंजिनाला तो तोटा जाणवत नसे. लहान युरोपीय इंजिनाचा मात्र श्वासच कोंडे. नंतर या गरजेलाच 'चालवण्याचा आनंद' असे भारदस्त नाव मिळाले. आनंद खोटा नव्हता. पण आधी आला तो कर.

१४/
त्याच युरोपात एक देखणा अपवादही घडला. नेदरलँड्समधील डाफ कंपनीने १९५८ मध्ये लहानशी 'डाफ ६००' मोटार दाखवली. तिच्यात गिअरचे टप्पेच नव्हते. शंकूसारख्या पुल्यांवरून फिरणारे रबरी पट्टे वेगानुसार आपली जागा बदलत. हुब व्हान डोर्न यांची ही रचना 'व्हॅरिओमॅटिक' म्हणून ओळखली गेली. आजच्या सीव्हीटी मोटारी आणि आपल्याकडील जवळपास प्रत्येक गिअरलेस पेट्रोल स्कूटर याच तत्त्वावर चालते. लहान इंजिनालाही स्वयंचलन शक्य आहे, हे तेव्हाच सिद्ध झाले होते.

१५/
चालकाचे श्रम कोणीतरी मोजले तर काय होते, ते लंडनच्या बसगाड्यांनी दाखवले. मोटारींच्या बाबतीत मॅन्युअलचा अभिमान बाळगणाऱ्या याच देशात १९३९ पासूनच्या 'आरटी' बसमध्ये द्रवाची जोडणी आणि आधीच निवडून ठेवता येणारा गिअर होता. १९५० च्या दशकातल्या 'रूटमास्टर' बसमध्ये गिअर आपोआप बदलत. दिवसभर थांब्याथांब्यावर क्लच दाबून थकलेला चालक आणि झिजलेला गिअरबॉक्स, दोन्हींचा भार एकाच सार्वजनिक संस्थेच्या वहीवर पडत होता. हिशेब एका वहीत आला आणि उत्तर बदलले.

१६/
आता भारत. आपल्याकडे ही वही फाटलेली होती. कोलकात्याजवळ बनणारी अँबॅसडर असो की कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, क्लच जड आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला. अनेक मोटारींचा मालक मागच्या आसनावर बसे. पेट्रोलचे पैसे मालकाच्या खिशातून जात, क्लच दाबण्याचे श्रम पगारी चालकाच्या पायातून. टॅक्सीवाल्याचे पोट तर लिटरमागच्या किलोमीटरवरच. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांच्या आठवणींनी वर्तमानपत्रे भरली. त्या क्लचने किती गुडघे झिजवले, याचा हिशेब मात्र कोणी मांडला नाही.

१७/
हा तर्क खरा असेल, तर मालक स्वतः चालवतो त्या वाहनात स्वयंचलन आधी यायला हवे. नेमके तसेच झाले, आणि तेही पुण्याच्या कंपन्यांच्या हातून. १९७२ मध्ये बजाज ऑटोची चेतक आली. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ पिळून गिअर, सुरू करायला किक, आणि रुसली तर एका बाजूला कलंडवून मनधरणी. त्याच वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगची लूना आली. तिला क्लच नाही, गिअर नाही; वेग वाढला की इंजिन आपोआप चाकाला जोडले जाई. चेतक घरच्या कर्त्या पुरुषाची. लूना शिक्षिकेची, कारकुनाची, कॉलेजकन्येची आणि दुधाच्या किटल्यांची.

१८/
पुढे इतिहासाने जणू एक प्रयोगच मांडला. जपानची होंडा कंपनी भारतात दोन भागीदारांसोबत आली. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा ही बटणाने सुरू होणारी, व्हॅरिओमॅटिक पद्धतीची गिअरलेस स्कूटर बाजारात आली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही पायाने गिअर बदलायची मोटारसायकल. तंत्र पुरवणारी कंपनी एकच. स्कूटरने शहर जिंकले, कारण तेथे सिग्नल आणि गर्दी होती. मोटारसायकलने खेडी आणि लांबचे रस्ते जिंकले, कारण तेथे लिटरमागचे किलोमीटर मोलाचे होते. दोन्हीकडचे ग्राहक शहाणेच होते. त्यांचे रस्ते वेगळे होते.

१९/
गिअरलेस स्कूटरने केवळ सोय दिली असे म्हणणे अपुरे ठरेल. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात तोंडाला स्कार्फ बांधून स्कूटरवर निघालेली मुलगी हे दृश्य इतके सवयीचे झाले आहे की ते कधीकाळी नवे होते, हेच विसरायला होते. क्लासला, नोकरीला, बाजाराला जाताना भावाची किंवा वडिलांची वाट न पाहणे त्या यंत्रामुळे सोपे झाले. 'बायकांची गाडी' म्हणून जिची टिंगल झाली, तिनेच शेवटी बाजार व्यापला. २००९ मध्ये बजाजने स्कूटरच्या धंद्यातून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, तोवर गिअरची स्कूटर जवळपास इतिहासजमा झाली होती.

२०/
मोटारींत हे वळण फार उशिरा आले. नव्वदच्या दशकात झेनसारख्या गाडीचा ऑटोमॅटिक अवतार मिळत असे, पण महाग आणि पेट्रोलखाऊ म्हणून लोक बिचकत. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत एएमटी आणला. गंमत अशी की त्यातला गिअरबॉक्स मॅन्युअलचाच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि दांडा सरकवणारा हात यंत्राचा. अधिकृत चाचणीतले ॲव्हरेज मॅन्युअलइतकेच. तोवर मध्यमवर्गीय मालक स्वतःच स्टिअरिंगवर बसू लागला होता आणि कोंडीत अडकलेला डावा पाय त्याचा स्वतःचा होता. वही पुन्हा एक झाली. हिशेब लगेच सुटला.

२१/
कायद्यानेही हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर परवाना ऑटोमॅटिकपुरताच मिळतो. जपानने १९९१ मध्ये असा वेगळा परवाना सुरू केला. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'गिअरसह' आणि 'गिअरविना' असा भेद दुचाकीसाठी आहे, मोटारीसाठी नाही. म्हणजे केवळ ऑटोमॅटिकवर शिकलेली व्यक्ती कायद्याने उद्या मॅन्युअलही चालवू शकते. ही मोकळीक सोयीची, पण जबाबदारी वाढवणारी आहे.

२२/
मॅन्युअलच्या बाजूचे मुद्देही प्रामाणिकपणे नोंदवायला हवेत. गाडी स्वस्त पडते. गावातला मेकॅनिक क्लचप्लेट बदलू शकतो. ऑटोमॅटिकचा संगणक त्याच्या आवाक्याबाहेर असतो. बॅटरी बसली तर ढकलून सुरू करता येते. चिखलात, उसाच्या फडाजवळच्या वाटेवर, भरल्या गाडीने चढताना चालकाला जोर हवा तसा वापरता येतो. घाट उतरताना खालचा गिअर टाकून ब्रेक वाचवण्याची शहाणी सवय आपोआप लागते. यातला एकही मुद्दा खोटा नाही. पण 'तेच खरे ड्रायव्हिंग' हा मुद्दा या यादीत बसत नाही.

२३/
मग रोजच्या वापरासाठी काय निवडावे? रोज तासभर शहरातल्या कोंडीत जाणार असेल, तर ऑटोमॅटिक हीच शहाणपणाची निवड. बेताच्या खर्चात एएमटी. त्याचे हलके हिसके खपत नसतील, तर सीव्हीटी किंवा द्रवाच्या जोडणीचा गिअरबॉक्स. गुडघा, कंबर किंवा गाडीची भीती हा प्रश्न असेल, तर वादच नको. वापर मुख्यतः गावाकडचा, ओझ्याचा आणि पैसा मोजका असेल, तर मॅन्युअल अजूनही उत्तम. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने दोन गोष्टी पाळाव्यात. डावा पाय पेडलांपासून दूर ठेवावा, आणि घाट उतरताना खालच्या गिअरची किंवा हाताने गिअर निवडायची सोय वापरावी. यंत्र गिअर बदलते. उतार किती लांब आहे हे त्याला माहीत नसते.

२४/
इतिहास मात्र या वादाच्याही पुढे सरकला आहे. १९१२ नंतर मागे पडलेली विजेची मोटार परतली आहे. टाटांची नेक्सॉन ईव्ही पुण्याजवळच्या रांजणगावातून २०२० मध्ये रस्त्यावर आली. त्याच वर्षी बजाजची चेतकही परतली, पण बॅटरीवर, आणि मूठ पिळून गिअर बदलण्याची कसरत मागे ठेवून. विजेच्या मोटरला जागेवरूनच पूर्ण जोर मिळत असल्यामुळे गिअर बदलण्याची गरजच उरत नाही. बर्था बेंझ यांना चढावर पडलेला प्रश्न तिथे उद्भवतच नाही.

२५/
प्रत्येक टप्प्यावर यंत्राने एक काम उचलले, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणाले की आता चालकात काही राम राहिला नाही. हँडल गेले, दोनदा क्लच गेला, आता क्लचच चालला. दरवेळी रस्त्यावर मात्र नवी माणसे आली : शेतकरी, पाय गमावलेला सैनिक, कॉलेजला निघालेली मुलगी, साठीनंतर गाडी शिकणारी आजी. आपल्या घरात सर्वांत आधी गाडी कोण शिकले, कोणत्या गाडीवर, आणि कोणाला 'तुला जमणार नाही' म्हणून शिकवलेच गेले नाही, हे या आठवड्यात विचारून पाहावे. मोटारीच्या इतिहासाचे हे पान ग्रंथालयात मिळायचे नाही. उत्तरे खाली जरूर लिहावीत.

(धागा समाप्त)